ल आणि ळ

मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानात
टॅब आला तो उघडाबोडका,
पाटीसारखा गुळगुळीत,
आणि पहिल्याच आठवड्यात रव्यांच्या थप्पीवरून
घसरला.
वाचला, कारण खाली बारदान होतं
आणि बारदानावर झोपलेला शिवगोंडा हमाल.
आवाज त्याच्या बरगडीनं केला, काचेनं नाही.

मालक म्हणाले, कपडे घाला त्याला.

लक्ष्मीपुरीतून साडेचौदाशेला कव्हर आणलं:
काळं, चारी कोपरे रबराचे, फुगीर,
मागं दुमडता येणारा एक पाय
आणि पोटाशी कीबोर्ड.
सहा पितळी टिकल्यांवर टॅब टेकवला की
टक्,
लोहचुंबक ओढून घेतो,
दाराशी आलेल्याला "या, बसा" म्हणावं
आणि बसवावंच, तसा.

बाबगोंडा दिवाणजी लांबून बघत होते.
सदतीस वर्षं त्यांनी कीर्द लिहिली,
रोज संध्याकाळी ती लाल कापडात बांधली,
दोरीचे दोन वेढे घट्ट, तिसरा सैल.
कव्हर हातात घेऊन तळहातावरच जोखलं.
"आतल्या जिवापरास कापडच जड हाय की गं."
मग थोड्या वेळानं, पान जुळवत,
"असू दे. बस्ता जड असला की कोण उगंच उचलत न्हाई."

पौषात आवक वाढली.
शिरोळचा, कागलचा, पन्हाळ्याकडचा माल,
सौद्याची गर्दी एका थप्पीवरून दुसरीवर सरकायची
आणि मी तिच्यासोबत, चालता चालता टाइप करत,
टॅब डाव्या हातावर परातीसारखा.
चाखायला फोडलेला खडा सगळ्यांच्या बोटांना,
म्हणून माझ्याही.

एके दिवशी ल उठेना.

ल आणि ळ एकाच बटणात राहतात,
खाली ल, शिफ्ट दाबली की माडीवरचा ळ.
दोघंही बसले.
मी 'गूळ' लिहिलं
आणि पडद्यावर जे उरलं, ते
तेवीस क्विंटल, दर चार हजार दोनशे,
बोरगावच्या सातगोंडांच्या नावासमोर.
शिवगोंडा नुकताच वाचायला लागलाय.
तो एवढा हसला
की तीच बरगडी धरून खाली बसला.

मालातला 'मा' तेवढा राहिला.
कोल्हापूरला मधेच ठेच लागली.
आणि तळाशी, बेरजेनंतर,
जिथं मी रोज 'शिल्लक' लिहिते
तिथं दोन्ही ल गळून
'शिक' असं काहीतरी,
पायमोडकं, पण उभं.

दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवला.
आधी टॅब सोडवून लांब ठेवला,
"विजेचं आपल्याला कळत न्हाई."
कानातला अत्तराचा फाया काढला,
चहावाल्याकडच्या कोमट पाण्यात बुडवून पिळला,
आगकाडीला गुंडाळून
बटणाच्या चारी कडांनी फिरवला,
टाकाचं टोक धुवावं तितक्या सावकाश.
"गूळ हाय. गंज न्हाई. सुटतोय."
बाहेर पुकारा चाललेला, चार हजार तीनशे, साडेतीनशे,
आणि दुकानातले आम्ही तिघं
एका अक्षरावर वाकलेले.

ल उठला.
आधी एक, मग एकदम नऊ,
ललललललललल,
कुणीतरी बाळाला झोपवायला बसावं तसे.
"बास की," दिवाणजी त्याला म्हणाले.

नोंदी दुरुस्त केल्या. सातगोंडांचा गूळ परत गूळ झाला.
एक 'शिक' माझ्याकडून राहून गेला.
मार्चमध्ये ऑडिटर बघतील, काय ते बोलतील.

त्या बटणाला अजून हिन्याचा वास येतो.
आणि कव्हर कितीही घट्ट मिटून कपाटात ठेवलं
तरी मुंग्यांना कळतं.
सकाळी उघडते तर बिजागरीतून निघालेली रांग
आकड्यांवरून चाललेली,
एकही बटण दबत नाही इतकी हलकी.
लगेच फुंकर मारत नाही मी.
आधी बघते, कुठं जातायत.